आफ्टरइमेजला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा:
आल्फ्रेदो हार या चिलीच्या कलावंतावरचा लेख मराठीत करतेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडलेय. सान्तियागोच्या स्मृती संग्रहालयात जमिनीखाली त्याचं २०१० सालचं काम आहे, 'विवेकाची भूमिती'. पायऱ्या उतरून खोलीत शिरायचं. मिट्ट काळोख. मग भिंतीवर माणसांच्या आकृत्या उजळत जातात, पार डोळे दिपेपर्यंत. बाजूच्या आरशांमुळे त्यांना अंतच नाही. मग पुन्हा अंधार, पण आकृत्या डोळ्यांत तशाच. हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत (१९७३ ते १९९०) बळी गेलेली माणसं आहेत त्यांत. त्या डोळ्यांत उरण्याला काय म्हणू?

जुनी पाटी:
पश्चप्रतिमा. इतकं सोपं आहे.

मेंटल:
पश्चप्रतिमा वाचून डोळे मिटतील खरे, पण झोपेने. लहानपणी लग्नात गॅसबत्तीकडे टक लावून बघायचो आणि डोळे मिटले की हिरवा गोळा तरंगायचा. आजी म्हणायची, "बघ आता, डोळ्यात बत्ती बसली!" बसणे वापरा की.

पाणवठा:
आवाजाचा पडसाद, तसा उजेडाचा पडउजेड? साद भिंतीवर आपटून पडते तो पडसाद.

जुनी पाटी:
आपटत-बिपटत काही नाही. हा 'पड' म्हणजे संस्कृत 'प्रति'. प्रतिशब्दाचा पडसाद, प्रतिच्छायेची पडछाया.

मेंटल:
आणि पडजीभ? ती तर खरंच पडते. आई चमच्याच्या दांड्याने मीठ लावून वर ढकलायची.

पाणवठा:
माझ्या मते ते 'भूत'च. नाहीशी केलेली माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उंबरठा:
भूत नको. त्या आकृत्यांत आजची हयात माणसंही मिसळली आहेत. कोण गेलेलं, कोण जिवंत, हे कळत नाही, आणि मला वाटतं कामाची सगळी धार तिथेच आहे. 'बसणे' मात्र आवडलं. बाकी हे मांडणशिल्प, म्हणजे इन्स्टॉलेशन...

जुनी पाटी:
उजेडाचं कसलं शिल्प? १९८५ मध्ये क्षिश्तोफ वोदिच्को या पोलिश कलावंताने लंडनला ट्रॅफल्गार चौकात दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीवर प्रोजेक्टरने स्वस्तिक टाकलं, वर्णद्वेषी सरकारच्या निषेधार्थ. दोनेक तासांत पोलिसांनी बंद पाडलं. त्यात मांडलं काय आणि घडवलं काय?

पाणवठा:
आधी स्वस्तिक म्हणणं थांबवा. आपण दारात काढतो ते स्वस्तिक. नाझींचं ते हाकेनक्रॉइत्स.

जुनी पाटी:
पश्चप्रतिमा जड आणि हाकेनक्रॉइत्स हलका, वा!

मेंटल:
'टाकलं' हे क्रियापद मात्र झकास. झोत टाकतात, प्रक्षेपण फक्त क्रिकेटच्या सामन्याचं होतं.

उंबरठा:
अहो, मला शनिवारी लेख द्यायचाय. "अंधार होतो, पण माणसं डोळ्यांत बसलेली असतात" असं लिहिलं तर? नाम मिळेपर्यंत?

पाणवठा:
डोळ्यांत बसणं म्हणजे आवडणं ना? मुलगी डोळ्यांत बसली.

मेंटल:
ती डोळ्यांत भरते. मनात बसते.

पाणवठा:
आमच्याकडे डोळ्यांतच बसते. बरं, पडजीभेला नुसतं मीठ, की हळदही?