मदत हवी आहे: रात्री समोरच्या लाईटने डोळे दिपतात, आणि त्यात उसाचा सीझन

नमस्कार मंडळी,

नोकरी कोल्हापुरात आणि आई गारगोटीच्या पुढे गावी एकटी, त्यामुळे आठवड्याअखेरीस काम आटपून अंधार पडल्यावरच निघणं होतं. गाडी जुनी हॅचबॅक आहे, साध्या हॅलोजन दिव्यांची. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा आहे. गाडी चालवायची भीती कधीच नव्हती, पण आता या रस्त्यावर रात्री जीव मुठीत धरून चालवते.

वाटेत बऱ्याच ठिकाणी दुभाजक नाही. समोरून उंच एसयूव्ही येते, पांढरेफेक दिवे, तेही अप्परवर. मी डिप्पर देते, पुन्हा देते, समोरचा ढिम्म. गाडी पार झाली की पुढचे दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे पन्नासेक मीटर मी आंधळ्यासारखी चालवते.

आणि त्याच पन्नास मीटरांत उसाची ट्रॉली असते. मुदाळ तिट्ट्याच्या आसपास सीझनमध्ये ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. मागे दिवा नाही. रेडियम लावलेलं असलं तरी धुळीने माखलेलं, नाहीतर वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली, झाकलेलं. उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली असतात, ती तर जवळ गेल्याशिवाय कळतच नाहीत. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा कधी एकच दिवा चालू असतो, आपण मोटरसायकल समजून चालतो आणि ट्रॉली आपल्या बाजूला किती आलीय ते शेवटी दिसतं. काहींनी मागच्या बाजूला शेतात काम करताना लागतो तो पांढरा दिवा चालू ठेवलेला असतो. मग मागूनही डोळे दिपलेले आणि पुढूनही.

घरचे म्हणतात, "तूही एलईडी टाकून घे, समोरचा आपोआप डिप्पर देईल." ते मला पटत नाही. माझ्या समोरून कुणी पोरगा आई-वडिलांना दुचाकीवर घेऊन येत असेल, तर त्याची गत मी माझ्यासारखी का करायची? पण उजेड वाढवायची गरज आहे हेही खरं.

म्हणून विचारते. दुसऱ्याला त्रास न देता माझ्या गाडीचा उजेड सुधारता येईल का? रात्रीचे पिवळे चष्मे मिळतात, त्यांचा उपयोग होतो का? काचेला फिल्म लावावी का? आणि त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं करायचं काय? रात्री जाऊ नका एवढं कृपया सांगू नका, तो पर्याय मला नाही.

प्रतिसाद:
ताई, माझं गॅरेज आहे. एलईडी टाकत नाही हे फार चांगलं करताय. हॅलोजनच्या दिव्याची वाटी बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेली असते. त्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेडाचा उगम त्या जागेवर राहत नाही. प्रकाश फाकतो, डिप्परलाही वर जातो. चालवणाऱ्याला जवळचं सगळं लख्ख दिसतं म्हणून तो खूश, पण लांबचं उलट कमी दिसतं.

तुमच्या गाडीत आधी दिव्यांची काच बघा. ती प्लॅस्टिकची असते, उन्हाने पिवळी पडते. पॉलिश करून घेतली तर फरक लगेच कळेल. मग 60/55 वॅटचेच चांगल्या कंपनीचे नवे बल्ब, आणि रिलेसह (दिव्याला बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) जाड वायरिंगचा किट. जुन्या गाडीत बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, म्हणून तोच बल्ब मिणमिणता वाटतो. 100/90 चे बल्ब कुणी गळ्यात मारले तर घेऊ नका, होल्डर वितळतात. शेवटी भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांची पातळी जुळवून घ्या.

आणखी एक. स्टीअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांची चकती असेल. मागे माणसं, सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिप्परही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. ही चकती कशासाठी आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं.

प्रतिसाद:
नेत्रतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी. पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग पूर्वीइतकं नितळ राहत नाही, आत आलेला प्रकाश विखुरतो आणि दिपलेला डोळा सावरायलाही वेळ घेतो. हे वयाने होतंच. पण मोतीबिंदूच्या एका प्रकारात दिवसा वाचायला जमतं आणि रात्री समोरचा दिवा मात्र असह्य होतो. म्हणून नुसता नंबर तपासू नका, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पूर्ण तपासणी करून घ्या. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मधुमेह असेल तर ही तपासणी दरवर्षी हवीच.

पिवळे चष्मे घेऊ नका. ते समोरच्याचा उजेड कमी करतात तसा अंधारातल्या माणसाचाही करतात. 2019 साली अमेरिकेत सिम्युलेटरवर चाचण्या झाल्या, त्यात पादचारी दिसायला या चष्म्यांची काहीही मदत झाली नाही. त्यापेक्षा तुमच्या नंबरच्या चष्म्याला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग करून घ्या आणि ओरखडे पडलेल्या काचा बदला.

प्रतिसाद:
फिल्मचा विचार सोडा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला बंदी केली. पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. आणि रात्री ती फिल्म तुमच्याच मुळावर येईल.

काच आतून पुसता का? डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ बसून आतून तेलकट थर चढतो. दिवसा दिसत नाही, समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी होते. मागच्या गाडीचा दिवा डोळ्यांत येऊ नये म्हणून आतल्या आरशाखालची पट्टी ओढा.

प्रतिसाद:
ताई, एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. रात्रपाळ्या भरपूर केल्या. समोरच्या दिव्याकडे बघायचंच नाही. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर, पट्टी नसेल तर डांबर संपतं त्या कडेवर. वेग गाडी अंगावर आल्यावर नाही, लांब दिवा दिसला की तेव्हाच कमी करायचा. आणि समोरची गाडी यायच्या आधी, अजून दिसतंय तोवर, आपल्या पुढचा रस्ता एकदा लांबपर्यंत बघून ठेवायचा. ट्रॉली, सायकल, जनावर, काय आहे ते तेव्हाच टिपायचं. त्याने अप्पर सोडला नाही तरी आपण आपला लावायचा नाही. दोघंही आंधळे झाल्यावर रस्ता कोण बघणार?

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. डोळ्यांची वेळ घेतली आहे. काच आतून पुसली तर फडकं काळं झालं, आणि चकती फिरवून बघितली, झोत खरंच खाली येतो!

एक प्रश्न उरतो. मोटार वाहन नियमांत लिहिलंय की दिव्यापासून 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. समोरच्या गाड्यांचं मी काही करू शकत नाही. पण गावातल्या ट्रॉल्यांचं करता येईल. कुणी आपल्या गावात रेडियम लावून घेतलंय का? कुणाला भेटायचं?

प्रतिसाद:
(निवृत्त चालक) हंगाम सुरू होताना कारखाने, आरटीओ आणि पोलीस मिळून रेडियम लावतात. कारखान्याच्या शेती विभागाला वाहतूकदारांची यादी माहीत असते, तिथेच जा, आणि ऑक्टोबरच्या आधी जा. एवढंच सांगा की नुसतं ट्रॉलीच्या पत्र्यावर लावून भागत नाही, ऊस भरला की ते झाकलं जातं. पोत्यावर नाहीतर फळीवर रेडियम ठोकून ते भरलेल्या उसाच्या बाहेर, मागे दोरीने बांधायला लावा. आमच्या गावात ड्रायव्हर लोक आता स्वतःहून बांधतात, फळ्या मात्र दरवर्षी नव्या द्याव्या लागतात.