मदत हवी आहे: पाडव्याला गावापुढे वाचायचं निवेदन. सावध करायचंय, पण भीती पसरवायची नाही

नमस्कार मंडळी,

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीची मी सरपंच आहे. गावाचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या काही गोष्टी आमच्या आपसातल्या आहेत.

पाडव्याला देवळात पंचांगवाचन होतं. गावठाणातली बहुतेक जाणती मंडळी तेव्हा हजर असतात. ते आटोपलं की थोडा वेळ मागून घेऊन गावाची खबरबात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत घ्यायची काळजी असं एक निवेदन वाचायचं ठरवलं आहे. तेच नंतर फलकावर लागेल आणि मळ्यांवर व्हॉट्सॲपनं जाईल. 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबायचं तर निम्मा उन्हाळा उलटून गेलेला असतो, म्हणून पाडवा धरला.

खबरबातीचा भाग लिहून झाला आहे. नळाच्या पाण्याच्या बदललेल्या वेळा, टाकीची धुलाई, जलसुरक्षकाकडे टीसीएलचा (पाणी शुद्ध करायच्या पावडरीचा) साठा किती आहे, अंगणवाडीची दुरुस्ती, जत्रा समितीची बैठक, असं सगळं. अडलं आहे ते सुरक्षिततेपाशी.

शिमगा झाला की आमच्याकडे माणसांची ये-जा वाढते. ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागतात. मोकळ्या रानात मेंढरांचे वाडे बसतात. नंदीबैलवाले, बहुरूपी, डवरी गोसावी, बोअरवेलच्या गाड्यांवरची परप्रांतातली पोरं, जत्रेचे पाळणेवाले असे सगळे येतात. ह्याच दिवसांत लोक उकाड्यामुळे अंगणात आणि गच्चीवर झोपतात, आणि ह्याच दिवसांत विहिरींवरून मोटारींच्या केबल चोरीला जातात. गेल्या उन्हाळ्यात अनेकांच्या गेल्या. ऐन उन्हात केबल गेली की नवी येईपर्यंत उभं पीक वाळतं. त्यामुळे लोकांचा राग खरा आहे आणि तो मला समजतो.

त्या रागापोटी आमच्या दोन सदस्यांनी आणि काही तरुणांनी मसुद्यात एक ओळ घालायला सांगितली आहे: "रात्री अनोळखी इसम दिसल्यास धरून ठेवावे व फोटो ग्रुपवर टाकावा." मी ती घालणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा फोनवरून फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत! मी रोज तशाच एका खोलीत बसते. सरपंचाच्या सहीनं "धरून ठेवा" असा निरोप गावात गेला आणि त्या रात्री एखादा नंदीबैलवाला वाट चुकून मळ्यात शिरला, तर पुढे जे होईल त्याला ती सही जबाबदार असेल.

पण "काही दिसल्यास 112 वर कळवावे" एवढंच लिहिलं तर लोक मान हलवतील आणि आपल्या मनाचंच करतील. पोलीस ठाणं लांब आहे, गाडी यायला वेळ लागतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. नुसतं "हे करू नका" सांगून भागणार नाही, लोकांच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागेल. नेमकं काय द्यायचं, ही माझी पहिली आणि मोठी अडचण.

बाकीचे मुद्दे घालायचे आहेत ते असे. चैत्रात विहिरींचा गाळ काढतात, तेव्हाची काळजी. बांध आणि पाचट पेटवल्यानं डोंगराला लागणारा वणवा. तोडीच्या फडात बिबट्याचे बछडे सापडतात; ते उचलून फोटो काढायचे नाहीत, तिथून बाजूला व्हायचं आणि वनखात्याला 1926 वर कळवायचं, मादी बहुतेक वेळा रात्री येऊन त्यांना नेते. आणि जत्रेची मिरवणूक, जी आमच्याकडे रीतीनं भर दुपारी निघते.

हे सगळं थोडक्या वेळात कसं बसवू? आणि घरपट्टीची थकबाकी ह्यातच सांगावी का? ज्यांनी अशी कामं केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: निवृत्त ग्रामसेवक

सरपंचताई, थकबाकीपासून सुरुवात करतो, कारण उत्तर सोपं आहे. ती ह्यात अजिबात घालू नका. वसुलीचं नाव निघालं की माणूस कान मिटतो, आणि पुढचं विहिरीचं, उन्हाचं काहीच त्याच्या डोक्यात जात नाही. त्याची नोटीस वेगळी काढा.

अनोळखी माणसांबद्दल. पोलीस पाटलांना निवेदन वाचताना शेजारी उभं करा. 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली गावातल्या अशा गोष्टींची खबर ठेवणं हे त्यांचंच काम आहे. मी ज्या गावांत नोकरी केली, त्यांतल्या एका गावात पाटील स्वतः पालावर, म्हणजे फिरस्त्यांच्या तंबूंपाशी, जायचे, कुठून आलात, किती दिवस मुक्काम, एवढं विचारून वहीत नोंद करायचे. मग देवळाच्या भोंग्यावर सांगितलं जायचं की गायरानात अमुक तालुक्यातली दोन कुटुंबं उतरली आहेत, पाटलांना माहीत आहे. भोंग्यावर नाव आलं की त्या माणसांकडे गाव वेगळ्या नजरेनं बघायचं. रात्री कुत्री भुंकली तरी कुणी काठी घेऊन पालाकडे धावलं नाही.

तुमच्या तरुणांनाही कामाला लावा. ग्रामसुरक्षा दलाची गस्त पोलीस ठाण्याला कळवून, नावांची यादी देऊन सुरू करा. गस्त विहिरींवर आणि रोहित्रांवर ठेवा. चोरी तिथे होते, पालावर होत नाही.

प्रतिसाद: भटक्या समाजातला एक वाचक

ताई, तुम्ही ती ओळ अडवलीत हे वाचून बरं वाटलं. वरच्या काकांचा हेतू चांगला आहे, पण वहीबद्दल माझं मत वेगळं आहे.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडताना सांगून जायचं, हे त्यातूनच आलं. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी आमच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात हजेरी अजून येते. पालावर येऊन कुणी वही उघडली की पोटात गोळा येतो. नोंद करायचीच असेल तर सगळ्यांची करा. बोअरवेलच्या गाडीवरचा, रस्त्याच्या कामावरचा, मळ्यात खोली करून राहणारा, सगळे एका मापानं. फक्त पालवाल्यांची वही केलीत, तर पहिली चोरी झाल्यावर पोलीस तीच वही मागतील.

त्यापेक्षा तुम्ही स्वतः या. पाण्याचा नळ कुठला, दवाखाना कुठे, पोरांना शाळेत बसवायचं असेल तर कुणाला भेटायचं, हे सांगा. तुमचा नंबर द्या आणि आमचा घ्या. बोलता बोलता गाव कोणतं, पाहुणे कुठले, हे सगळं कळतं. भोंग्यावर सांगायची कल्पना मला आवडली, फक्त आधी आम्हाला विचारा. गावात ओळख झाली तर आम्हालाच झोप लागते. आणि रात्री काही दिसलं तर पहिला फोन आम्हीही करू. उघड्यावर राहणाऱ्याला रानातली हालचाल आधी कळते.

प्रतिसाद: विहिरींची कामं करणारा

विहिरीचं मी सांगतो, कारण निवेदनात "योग्य खबरदारी घ्यावी" असं लिहून माणसं वाचत नाहीत.

पाणी तळाला गेलं की उपसायला डिझेल इंजिन थेट विहिरीत उतरवतात. त्याचा धूर आतच कोंडतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण ती फक्त आत प्राणवायू फार कमी झाला आहे का एवढंच दाखवते. ह्या वायूत कंदील तेवत राहतो आणि माणूस कोसळतो. म्हणून इंजिन नेहमी वर, काठापासून लांब ठेवायचं आणि धूर वाऱ्यानं विहिरीकडे येणार नाही असं बघायचं. बरेच दिवस झाकलेल्या विहिरीत, शेणाच्या खड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत तर आधी ब्लोअरनं भरपूर हवा सोडल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

आणि सगळ्यात मोठं सांगायचं ते हे की आत एक पडला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही. नेवासा तालुक्यातल्या वाकडीला एप्रिल 2024 मध्ये शेणाची स्लरी साठवायच्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असं करत पाच जण गेले. ज्याच्या कमरेला दोर होता तो वाचला. हे गावात वाचून दाखवा. भाऊ आत पडलेला असताना "थांब" म्हणणं फार कठीण असतं, म्हणूनच ते आधी, शांत वेळी सांगून ठेवावं लागतं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर ओढायला दोन माणसं नसतील तर त्या दिवशी काम नको.

प्रतिसाद: आशा सेविका

मिरवणूक दुपारी काढू नका ताई, एवढं एक जमवाच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्यांपैकी 14 जण उष्माघातानं गेले. त्या भागात तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत, डोक्यावर छप्पर नसताना तासन्‌तास बसून राहिलं की एवढं तापमानही पुरतं. पुजारी आणि मानकऱ्यांना आत्ताच भेटा, ऐन वेळी कुणी ऐकत नाही. पालखी ऊन उतरल्यावर निघाली तर देवीला काही कमी पडत नाही.

निवेदनात लक्षणं सोप्या शब्दांत सांगा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या गेल्या, अंग तव्यासारखं तापलं, की तो थकवा समजायचा नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं. थोड्या पाण्यात अख्खं पाकीट घालतात, ते चुकीचं आहे.

प्रतिसाद: डोंगराकडेचा शेतकरी

वणव्याचं थोडक्यात. "बांध जाळू नका" हे वर्षानुवर्षं ऐकून लोकांचे कान बधिर झाले आहेत. वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतं. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेही सांगा. पण लोकांना भिडतं ते कडब्याच्या गंजीचं. वणवा खाली आला की पहिली गंज जाते, मग गोठा. डोंगराला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांना पाडव्याआधी बोलवा आणि श्रमदानातून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढून घ्या. ज्यानं घाम गाळून रेषा काढली, तो दुसऱ्यालाही काडी लावू देत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. थकबाकी काढून टाकली आहे. वाकडीचा मजकूर जसाच्या तसा घेतला आहे आणि तो मी स्वतः वाचणार आहे. मानकऱ्यांशी बोलणं सुरू केलं आहे. दोघांनी होकार दिला, एकांचा अजून विरोध आहे. जाळरेषेसाठी डोंगराकडेच्या मंडळींना बोलावणं धाडलं आहे.

वहीचा विचार सोडला. पोलीस पाटील आणि मी मिळून पालांवर, वाड्यांवर आणि बोअरवेलच्या मुक्कामावर भेटायला जाणार आहोत. मसुद्यातली ती जागा आता अशी झाली आहे:

"आपल्या शिवारात सध्या मेंढपाळ, फिरस्ते कलाकार आणि मजूर कुटुंबे मुक्कामास आहेत. सरपंच व पोलीस पाटील त्यांना भेटले आहेत. विहीर अथवा रोहित्राजवळ रात्री कोणी दिसल्यास प्रथम गस्तीच्या गटास व 112 वर फोन करावा. कोणासही हात लावू नये, अडवून ठेवू नये. कोणाचाही फोटो किंवा खात्री न केलेला निरोप ग्रुपवर टाकू नये. तो प्रथम पोलीस पाटलांस पाठवावा. गस्तीसाठी नावे आजच द्यावीत."

ज्या दोन सदस्यांनी ती ओळ सुचवली होती, त्यांनाच गस्तीचं काम सांभाळाल का म्हणून विचारलं. एकांनी लगेच हो म्हटलं.

आता एक अडचण उरली आहे. ओढ्यापलीकडच्या मळ्यांवर भोंगा ऐकू येत नाही आणि फोनला रेंज नाही. तिथे बहुतेक घरांत दिवसा म्हातारी माणसं आणि लहान मुलंच असतात. पूर्वी कोतवाल दवंडी देत फिरायचा. आता हा निरोप त्यांच्यापर्यंत, आणि तोही तोंडी, कसा पोचवावा? दूध संकलनाची गाडी सकाळ-संध्याकाळ तिथे जाते, तिच्यावर आवाज मुद्रित करून लावण्याचा विचार आहे. कुणी असं केलं असेल तर किती लांबीचा निरोप लोक उभं राहून ऐकतात, ते सांगा.