उत्तर: धंदा आणि समाजकारण वेगळं ठेवा?

"धंदा शिकवताना समाजकारण कशाला?" हे कुणीतरी लिहिलंय, ते निदान कोल्हापुरात बसून तरी लिहू नका राव. शाहू महाराजांच्या काळात इथं गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. जागा मोक्याची, चहा चांगला, कपबशा स्वच्छ. पण दलिताच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायला लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजायला लागले (नाही म्हणायची टाप कुणाची!).

मी इथंच एमबीए केलं. दोन वर्षं कॉफीच्या दुकानांच्या परदेशी साखळीवर प्रेझेंटेशनं दिली. या हॉटेलची जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती, पण वर्गात त्याचा एकदाही विषय निघाला नाही.