आधीचं विजेतेपद आठवा

मँचेस्टर सिटी घसरली, आर्सेनलला दुखापतींनी पिडलं, म्हणून 2025 मध्ये लिव्हरपूलला इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग आयती मिळाली आणि त्यावर एवढा धिंगाणा कशाला, असं काही जण म्हणतात. पहिलं निम्मं मान्य. पण चार सामने शिल्लक असताना लीग खिशात घालायची तर समोरचे ढेपाळून भागत नाही, स्वतःलाही जिंकत राहावं लागतं. तेही प्रशिक्षक स्लॉटच्या पहिल्याच मोसमात, आणि नवा भिडू म्हणाल तर एकटा किएझा, तोही बहुतेक वेळ बाकावर!

धिंगाण्याचं कारण मात्र वेगळंच आहे. 2020 मध्ये तीस वर्षांनी लीग मिळाली ती चेल्सीने सिटीला हरवलं म्हणून. आपला लिव्हरपूल संघ त्या रात्री मैदानावरही नव्हता. चषक उचलला 22 जुलैला, घरच्या मैदानातल्या कोप या स्टँडवर, कोविडमुळे प्रेक्षकांविना. ज्यांनी जन्मभर वाट पाहिली ते टीव्हीसमोर. त्यामुळे 27 एप्रिल 2025 ला स्पर्सविरुद्ध (म्हणजे टॉटनहॅम) आपलं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड भरलं होतं, यालाच खरी किंमत. लीग जिंकायला बरोबरीही पुरली असती, तरी स्पर्सच्या सोलंकेने (आपलाच जुना खेळाडू!) 12व्या मिनिटाला हेडरने गोल केला तेव्हा धाकधूक झालीच. मग आपल्या डियाझचा गोल: आधी ऑफसाइडचा झेंडा, नंतर व्हीएआरने (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी) दिला, आणि जो आवाज उठला तो 2020 पासून साठलेला होता. शेवटी 5-1. सालाहने तर गोल करून प्रेक्षकातल्या एकाचा फोन घेतला आणि सेल्फी काढला.

आणि हो, लीग विजेतेपदांत मँचेस्टर युनायटेडशी 20-20 अशी बरोबरी झाली, ते कुणीच कसं म्हणत नाही?