परदेश पाहायचा तर जाणकारासोबत की आपले आपण? तुमचे अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक जपानी गट दिसला. बारा-पंधरा माणसं आणि सोबत त्यांचे पिकल्या केसांचे प्राध्यापक. आत मिळतात तेवढी दहा-पंधरा मिनिटं ते सगळे नुसते पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहिले, बाहेर आले आणि परत रांगेत लागले. नंतर त्यांच्या दुभाष्यानं सांगितलं, की जपानच्या होर्यूजी मंदिरातली भित्तिचित्रं १९४९ च्या आगीत करपली. ती अजिंठ्याशी ताडून पाहण्याजोगी होती, म्हणून ही मंडळी इथवर आली. मी संभाजीनगरचा, लहानपणापासून अजिंठ्याला जातोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

येत्या हिवाळ्यात मी आणि सौ. कंबोडियाला जायचं म्हणतोय. ती म्हणते तज्ज्ञ असलेल्या अभ्याससहलीत जाऊ. मला आपल्या मनानं हिंडायचंय. तुम्ही जाऊन आलेल्यांनी लिहा. कुठे जाणकार हवाच होता आणि कुठे त्याची अडचण झाली?

परभणी, निवृत्त इतिहास शिक्षक

काका, कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराला एकटे जाऊ नका. बाकी कुठंही जा.

मी आधी एकटाच गेलतो. पश्चिमेकडून आत शिरलो, समोरचे मनोरे पाहिले, फोटो काढले, उन्हानं जीव गेला, परत आलो. तीन वर्षांनी एका मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांसोबत गेलो तेव्हा कळलं, की पहिल्या खेपेला मी काहीच पाहिलं नव्हतं. त्यांनी आत शिरल्याबरोबर आम्हाला उजवीकडं वळवलं. तिथं भिंतभर कुरुक्षेत्र कोरलंय. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव, आणि मधी नुसती दाटी. त्या गर्दीत त्यांनी बोट ठेवून शरपंजरी भीष्म दाखवले. रथावर अर्जुन, आणि सारथी चार हातांचा. मला भरून आलं बघा. वेरूळला कैलासाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारत आहे, ते मी पोरांना तीस वर्षं दाखवत आलो. आणि समुद्रापलीकडं बाराव्या शतकात सूर्यवर्मन दुसरा यानं तेच कोरून घेतलं होतं.

तिथली शिल्पं उलट्या प्रदक्षिणेनं वाचायची. श्राद्धात आपण जसं अपसव्य करतो, तसं. मंदिराचं तोंडही पश्चिमेला आहे. म्हणून बरेच अभ्यासक त्याचा संबंध राजाच्या अंत्यसंस्काराशी जोडतात. एकटा होतो तेव्हा मी सवयीनं डावीकडून गेलो होतो, म्हणजे आधी लंकेचं युद्ध आणि शेवटी कुरुक्षेत्र! पूर्वेच्या बाजूला समुद्रमंथन आहे, जवळपास ४९ मीटर लांब. तिथं आम्ही खाली बसून घेतलं. कुणीच घाई केली नाही.

नांदेड, बँकेत नोकरी

आईबाबांना घेऊन युरोप केला, मोठ्या गटासोबत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बाहेरचं चालत नाही. व्हिसाचे कागद, तीस हजार युरोचा प्रवास विमा, बोटांचे ठसे द्यायला मुंबईची खेप, एवढ्यातच मी थकले होते. पुढचं सगळं सहल कंपनीनं सांभाळलं. आईला रोज वरणभात मिळाला. तेवढ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

पण एक सांगते, टूर मॅनेजर म्हणजे जाणकार नव्हे. जाहिरातीत 'तज्ज्ञ मार्गदर्शक' लिहिलेलं असतं, तेव्हा नाव विचारा. त्या माणसानं कशाचा अभ्यास केलाय आणि तो पूर्ण वेळ सोबत असणार की एका शहरात दोन तास, हेही विचारा. आम्ही विचारलं नाही. रोमच्या कलोसियममध्ये आम्हाला मिळालेली माहिती तिकिटाच्या मागेही मावली असती. आणि पॅकेजच्या बिलात टीसीएस (कंपनी आपल्याकडून आधीच गोळा करते तो कर) लागला असेल तर विवरणपत्र भरताना तो आठवणीनं दाखवा, करात वळता होतो.

धाराशिव, सध्या पुण्यात

माझं आजोळ तेर. गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळे ओळखतात. पण ग्रीक भाषेत, खलाशी-व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस' या जुन्या पुस्तकात त्याचं नाव तगर असं येतं, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. मामा आम्हाला सुट्टीत दाखवायला न्यायचे आणि म्हणायचे, हिची बहीण इटलीत आहे.

ती बहीण म्हणजे १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेली, जिला 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात. व्हेसुव्हियसच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात गाव गाडलं गेलं, त्याआधी ती भारतातून तिथे पोचली होती. ती नेमकी कुठे घडली यावर एकमत नाही, पण तेर आणि जालन्याजवळच्या भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तींशी अभ्यासक तिची तुलना करतात.

माझे आईबाबा एका कंपनीच्या सहलीतून इटलीला गेले. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, की नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय पाहायचंय. होईल म्हणाले. नेपल्सला पोचले तो वार मंगळवार, आणि मंगळवारी ते संग्रहालय बंद असतं. वेळापत्रक आखणाऱ्यांनी एवढं पाहायला हवं होतं. आई बंद दारासमोरचा फोटो घेऊन परतली. मला अजून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी मी एकटी गेले, फक्त त्या मूर्तीसाठी. स्टेशनजवळ खोली घेतली, संग्रहालय उघडताच आत गेले. मूर्ती 'गुप्त दालना'त ठेवलीय, पॉम्पेईतल्या शृंगारिक वस्तूंसोबत. जेमतेम वीतभर उंचीची, पण अंगभर दागिने आणि दोन बाजूंना दोन सख्या. पाठीमागूनही कोरलेली आहे, म्हणून मी तिच्याभोवती किती वेळा फिरले ते आठवत नाही. मामांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेतात होते. बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "नाकीडोळी आपलीच हाय."

दुसऱ्या दिवशी लोकल गाडीनं पॉम्पेईला गेले आणि संध्याकाळपर्यंत चालले. कुठल्याच गटात मला त्या एका मूर्तीसमोर अर्धा दिवस काढू दिला नसता. मला जाणकार लागला नाही, कारण माझा जाणकार तेरला होता.

जालना, दुकानदार

आम्ही दोघं आपले आपण इंडोनेशियातल्या बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपाला गेलो. वर चढायचं वेगळं तिकीट होतं. त्यात वेळ ठरवून दिली, दगड झिजू नयेत म्हणून खास चपला दिल्या आणि गटासोबत गाइडही दिला. तिथं कथाशिल्पांचे १,४६० फलक आहेत. गाइड भला माणूस, पण तेवढ्या वेळात तो तरी काय काय दाखवणार? पुन्हा गेलो तर आधी घरी बसून बुद्धचरित्राचे फलक चित्रांत पाहून जाईन.

संभाजीनगरहून पुन्हा

परभणीच्या गुरुजींचं सौ.ला वाचून दाखवलं. अपसव्याच्या ओळीला ती थांबली आणि म्हणाली, आता तुम्हीच सांगा.

आम्ही असं ठरवलंय: अंगकोरचा तीन दिवसांचा पास काढायचा. ६२ डॉलर पडतात आणि ते तीन दिवस दहा दिवसांत सोयीनं वापरता येतात. पहिला दिवस अभ्यासकासोबत, फक्त अंगकोर वाट. मग एक दिवस विश्रांती आणि उरलेले दोन दिवस आम्ही दोघंच. त्याआधी येत्या रविवारी कैलासाच्या उत्तरेकडच्या भिंतीसमोर बसायचंय, गुरुजी येणार असतील तर त्यांच्यासोबत. गुरुजी, येताय का? आणि अंगकोरजवळच्या सिएम रीप गावात शिल्पांचा खरा अभ्यास असलेला, हिंदी किंवा सोपं इंग्रजी बोलणारा स्थानिक मार्गदर्शक कुणाला भेटला असेल, तर त्याची निवड कशी केली तेही लिहा.