‘सिझरनंतर नॉर्मल’ला दुसरा शब्द आहे का?

प्रश्न : पहिलं सिझर आणि दुसऱ्या खेपेला खालून बाळंतपण, याला मराठीत काय म्हणावं? गरोदर बायकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. डॉक्टर ‘व्हीबॅक’ म्हणतात. ‘सिझेरियनोत्तर योनिमार्गी प्रसूती’ लिहिलं तर कुणी पुढे वाचणार नाही. ‘सिझरनंतर नॉर्मल’ सगळ्यांना कळतं. पण माझं सिझर झालंय, आणि बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी ‘नॉर्मल नाही का झाली?’ हे इतक्या जणींनी विचारलं की तो शब्द माझ्याच्याने लिहवत नाही.

उत्तर : ताई, जुन्या बायका ‘बाळंत झाली’, ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’ म्हणायच्या. बाळ कुठल्या वाटेने आलं, हे त्या शब्दांत नाहीच. सिझर झालेलीचीही सुटकाच झाली. वाट सांगायची तर ‘खालून’ हा बायकांच्या बोलण्यातला नेमका शब्द आहे. छापायला संकोच कशाला? ‘सिझरनंतर खालून बाळंतपण’ असं लिहा. ‘व्हीबॅक’ही एकदा लिहा, केसपेपरवर तेच दिसणार.

उत्तर : मी लेबर रूममध्ये सिस्टर होते. नावापेक्षा मला आतल्या दोन शब्दांची काळजी वाटते.

एक, ‘ट्रायल’. ‘ट्रायल देऊन बघू’ म्हटलं की बाईला परीक्षाच वाटते. रात्रभर कळा सोसून पहाटे सिझर ठरलं, तेव्हा माझा हात घट्ट धरून एक जण म्हणाली, “सिस्टर, मी फेल झाले.” कागदावरही ‘फेल्ड ट्रायल’ असंच लिहितात. तुम्ही ‘कळा येऊ देऊन बघणे’ लिहा. त्यात पास-नापास नाही. साधारण चारपैकी तिघींना जमतं, हेही सांगा.

दुसरा, ‘टाके उसवतील’. घरोघरी हाच शब्द, आणि तो फसवतो. बाईच्या डोळ्यांसमोर पोटावरचे टाके येतात. धोका असतो तो गर्भाशयावरचा जुना व्रण फाटण्याचा. छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल, तर कळांमध्ये असं होण्याचं प्रमाण साधारण २०० मध्ये १. वरच्या भागात उभा असेल, तर धोका बराच जास्त. मग सहसा कळांची वाट न पाहता सिझरच करतात. ‘माझा टाका आडवा आहे’ असं पोट दाखवून सांगणाऱ्या कितीतरी जणी पाहिल्या. कातडीवरची रेघ आडवी म्हणून आतला छेद आडवाच असेल, असं नाही. ‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे वाक्य १९१६ सालचं, न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचं. तेव्हा गर्भाशयावर उभाच छेद घ्यायचे.

उत्तर : ‘व्रण’ खेड्यात कळेल?

उत्तर : कळतो. ‘कपाळावर व्रण आहे’ म्हणतातच की.

प्रश्नकर्ती : सिस्टर, ‘टाके’ सगळीकडून काढले, ‘गर्भाशयावरचा व्रण’ केलं. मथळा ‘सिझरनंतर खालून बाळंतपण’. आणि अगदी वर, ठळक अक्षरात : ‘पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड पहिल्याच तपासणीला घेऊन या. छेद कसा घेतला होता, ते त्यावरून डॉक्टरांना कळतं.’