मदत हवी आहे: एप्रिलमध्ये व्हिएन्नाला पोस्टर आहे, ग्रँटचे पैसे मी तिथून परतल्यावर मिळणार, तोवर काय करावं?

भूजल_लातूर:
नमस्कार मंडळी, मी लातूर जिल्ह्यातला, भूगर्भशास्त्रात पीएचडी करायलो. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची मोठी परिषद दरवर्षी व्हिएन्नाला भरते, तिथं माझं पोस्टर, म्हणजे मोठ्या कागदावर मांडलेलं संशोधन, सिलेक्ट झालंय. विषय आपल्याच भागातला आहे, पावसाळा सरल्यावर विहिरींचं पाणी किती झपाट्यानं उतरतं आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींत एवढा फरक का पडतो. आपल्या काळ्या दगडात पाणी धरून ठेवायला जागाच कमी, वरचा मुरूम आणि खालच्या भेगा तेवढ्यातच काय ते साठतं, म्हणून एका विहिरीला मार्चातबी पाणी असतं अन् बांधापलीकडची खडखडीत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं ते सगळ्यांना ठाऊकच आहे, मी या विषयाकडं वळलो ते त्या उन्हाळ्यामुळंच.

आता पैशाचं. नोंदणी फी परिषदेनंच माफ केलीय. एएनआरएफ म्हणजे आधीचं सर्ब, संशोधनाला पैसा देणारी केंद्र सरकारची संस्था, त्यांच्या इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्टला अर्ज केलाय, त्यात तरुण संशोधकांना विमानाचं इकॉनॉमी भाडं आणि व्हिसा फी मिळते. पण मंजूर झालं तरी पैसे येतात परत आल्यावर, बोर्डिंग पास, बिलं, हजेरीचं सर्टिफिकेट सगळं जोडून पाठवल्यावर. म्हणजे तिकीट, व्हिसाचे ९० युरो, इन्शुरन्स, राहणं, खाणं सगळं आधी स्वतःच घालायचं. तिकीटच ६०-७० हजाराच्या आसपास दाखवायलंय. फेलोशिप कधी जमा होईल त्याचा नेम नाही आणि यंदा सोयाबीनला भाव नसल्यानं बाबांना तोंड उघडून मागायची हिंमत होईना.

सर म्हणले ऑनलाइन दे, परिषद हायब्रिड आहे. सर मनापासूनच म्हणले, पण कठीण खडकातल्या पाण्यावर जन्मभर काम केलेली माणसं तिथं पोस्टरपुढं उभी राहून आकडे बघतात, हे असं का आलं म्हणून विचारतात, ते मला स्क्रीनवर मिळणार नाही. मला जायचंच आहे. तर कुणी ग्रँट यायच्या आधी पैसे उभे केलेत का, आणि कसे? दुसरं म्हणजे व्हिसासाठी बँक स्टेटमेंट मागतात, माझ्या खात्यात काहीच नाही, बाबा शेतकरी, त्यांचं आयटी रिटर्न नाही, सातबारा चालतो का?

परभणीकर_८८:
भावा, आधी अभिनंदन. व्हिसाचं सांगतो, मी जर्मनीला गेलो तेव्हा माझीबी हीच गत होती. लोक सांगतील कुणाकडून तरी लाखभर घे, खात्यात टाक, स्टेटमेंट काढ आणि परत दे. तसं करू नको, मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट बघतात, एकदम आलेली रक्कम डोळ्यात भरते. त्यापेक्षा बाबांचं स्पॉन्सर लेटर, त्यांचं पासबुक, सातबारा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून लाव. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्न नाही, असं कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत स्पष्ट लिही. सोबत फेलोशिपचं पत्र, फी माफ झाल्याचं पत्र, कॉलेजची एनओसी. इन्शुरन्स ३०,००० युरो कव्हरचा लागतो, त्याहून कमीचा काढलास तर फाईल अडकंल.

सुनीता_मॅडम:
मी एका कॉलेजात शिकवते, माझ्या विद्यार्थिनीच्या वेळी आम्ही काय केलं ते सांगते. प्राचार्यांकडं ॲडव्हान्सचा अर्ज केला, सोबत सिलेक्शनचं पत्र, गाईडची शिफारस आणि ग्रँट जमा झाली की रक्कम परत भरीन असं तिचं हमीपत्र. आधी नाही म्हणाले, मग गाईड स्वतः जाऊन बसले तेव्हा निम्मी रक्कम दिली. तर बाळा, अर्ज एकट्यानं देऊ नकोस, सरांना सोबत घेऊन जा, ऑफिसात विद्यार्थ्याचा कागद आठ-आठ दिवस तसाच पडून राहतो. दुसरं, केंद्र सरकारच्या पैशावर विमानानं जायचं तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायचा नियम आहे. स्वस्त दिसलं म्हणून दुसऱ्या ॲपवर काढलं आणि क्लेम अडकला तर तेवढे पैसे तुझ्या अंगावर येतील, म्हणून बुकिंगच्या आधी एएनआरएफला मेल टाकून लेखी घे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेचीबी ट्रॅव्हल ग्रँट आहे, थोडाच भाग देतात पण अर्ज करून ठेव, एकाच बिलाचा क्लेम मात्र दोन्हीकडं टाकायचा नाही.

भूजल_लातूर:
मॅडम, दादा, लई आभार. तिकिटाचा नियम मला कुणीच सांगितला नव्हता. सरांशी उद्याच बोलतो. मॅडम, त्या हमीपत्राचा नमुना मिळंल का?

सुनीता_मॅडम:
संध्याकाळी इथंच टाकते, नावं काढून. तोवर अर्ज लिहायला घे.

परभणीकर_८८:
व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला येशील तेव्हा सांग, मी कुर्ल्याला राहतो, लॉजचे पैसे घालू नको. आणि तारीख आजच बघ, मार्चात अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते.